बेणे एक, उतारा वेगळा : उसाच्या पेशीतला कारभार



एकाच उसाचे बुडख्याकडचे कांडे चावले तर तोंड गोड होते आणि शेंड्याचे चावले तर पाणचट लागते. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, अशी म्हण आपल्या वाडवडिलांनी उगाच केलेली नाही. ऊस एक, पण मुळाची चव वेगळी, वाढ्याची वेगळी, मधल्या कांड्याची वेगळी. बेणे तर एकच होते. मग हा फरक आला कुठून?

दुसरा प्रश्न. शेजारी-शेजारी दोन प्लॉट. दोघांनी एकाच मळ्यातून ८६०३२ चे बेणे आणले, लागण एकाच आठवड्यात झाली. तरी एकाचा ऊस डिसेंबरात पक्व आणि दुसऱ्याचा जानेवारी संपत आला तरी हिरवागार, रसाला गोडी नाही. असे का व्हावे?

तिसरा प्रश्न तर बांधावर आणि गट ऑफिसात रोज कानावर येतो. "वाण आता उतरला बघा. पहिल्यासारखा राहिला नाही." वाण उतरतो म्हणजे नेमके काय होते?

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे उसाच्या पेशीत आहेत. पेशी डोळ्यांना दिसत नाही, पण तिचा कारभार आपल्या कारखान्याच्या कारभारासारखाच चालतो. तो समजून घेतला, तर शेती खात्याचे लोक जे दरसाल कानीकपाळी ओरडून सांगतात, त्यामागचे कारण पटते. म्हणून हा लेख.

दप्तर आणि चिठ्ठी

आपल्या कारखान्यात उसाची नोंद कशी होते ते आठवा. लागणीचे मूळ रजिस्टर ऑफिसात असते. ते कोणी शिवारात घेऊन हिंडत नाही. तोडीची पाळी आली की रजिस्टर बघून चिठ्ठी निघते. चिठ्ठी टोळीच्या हातात पडते आणि मग कोयते चालू होतात. रजिस्टरात नाव आहे, पण चिठ्ठी निघाली नाही, तर ऊस फडातच उभा राहतो. हे कोणाला समजावून सांगायला नको!

पेशीतही हुबेहूब असेच आहे. पेशीत केंद्रक असते. ते तिचे ऑफिस. त्यात जे मूळ दप्तर ठेवलेले असते त्याला डीएनए म्हणतात. हे एक न्यूक्लिक आम्ल आहे. दोन पदरी पीळ दिलेल्या दोरासारखी त्याची रचना असते, हे वॉटसन आणि क्रिक या दोघांनी १९५३ साली दाखवून दिले. या दोरावर सगळा मजकूर अवघ्या चार अक्षरांत लिहिलेला असतो. ए, टी, जी आणि सी. एवढ्या चार अक्षरांत ऊस कसा असावा, पान किती रुंद, कांडे किती जाड, डोळा कसा, गोडी किती, हे सगळे आले.

या दप्तरातली एकेक नोंद म्हणजे एकेक जनुक. दप्तर जागचे हलत नाही. ज्या नोंदीचे काम निघेल, तेवढ्या नोंदीची नक्कल काढली जाते. ही नक्कल म्हणजे आरएनए. हेही न्यूक्लिक आम्लच, पण एकपदरी आणि थोड्या दिवसांचे. त्यात टी या अक्षराच्या जागी यू येते. ही पेशीतली तोडचिठ्ठी समजा. ती केंद्रकाबाहेर येते आणि रायबोसोम नावाच्या बारीक यंत्रावर चढते. रायबोसोम चिठ्ठीवरची अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचतो आणि प्रत्येक गटाप्रमाणे एकेक अमिनो आम्ल माळेत ओवतो. अमिनो आम्ले २० प्रकारची. ओवून झालेली माळ आपोआप घड्या घालून वळते, आणि तयार होते ते प्रथिन.

चार अक्षरांचे तीन-तीनचे गट केले तर ६४ होतात. त्यातला कोणता गट कोणत्या अमिनो आम्लासाठी, हे कोडे १९६० च्या दशकात सुटले. ते सोडवणाऱ्यांत आपल्या पंजाबात जन्मलेले हरगोविंद खुराना होते. त्यांच्यासह तिघांना १९६८ साली त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. आणि गंमत अशी, की ही अक्षरांची भाषा उसाची, बैलाची, माणसाची, हुमणीची जवळजवळ एकच आहे.

प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ आणि दूध आठवते. पण पेशीत प्रथिने ही कामकरी माणसे आहेत. कोणी साखर बांधते, कोणी साखर फोडते, कोणी मुळातून पाणी आत घेते, कोणी दाराशी राखण करते. कामकरी प्रथिनांना विकर किंवा एन्झाइम म्हणतात. जनुकाची चिठ्ठी निघून त्याप्रमाणे प्रथिन तयार होणे, यालाच शास्त्रज्ञ जनुकाचा आविष्कार म्हणतात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथेच मिळते. मुळाच्या, पानाच्या, बुडख्याच्या आणि शेंड्याच्या पेशीत दप्तर एकच, अक्षरन् अक्षर तेच. पण चिठ्ठ्या निराळ्या निघतात. म्हणून कामकरी निराळे, आणि म्हणून चवही निराळी.

साखरेनेच दाखवलेली कळ

चिठ्ठी कधी काढायची आणि कधी थांबवायची, हे ठरवते कोण? हा शोध लागला तो साखरेमुळेच, हे साखर कारखान्याच्या सभासदाला ऐकायला बरे वाटेल. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत झाक मोनो आणि फ्रान्स्वा जाकोब हे दोन शास्त्रज्ञ आतड्यातल्या एका जिवाणूवर काम करत होते. त्या जिवाणूला ग्लुकोज आणि दुधातली साखर अशा दोन साखरा एकदम दिल्या, तर तो आधी ग्लुकोज संपवतो. मग थोडा वेळ थबकतो. आणि नंतर दुधाची साखर खायला लागतो. या थबकण्यात काय होते, तर दुधाची साखर फोडणाऱ्या विकराची चिठ्ठी तोवर अडवून ठेवलेली असते. ग्लुकोज संपले, दुधाची साखर समोर आली, की अडसर दूर होतो आणि चिठ्ठी निघते.

म्हणजे जनुकाला कळ असते. बाहेर काय आहे, अन्न आहे की नाही, यावर ती कळ दाबली जाते. १९६१ साली त्यांनी हे मांडले आणि १९६५ साली त्यांना आंद्रे ल्वोफ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. उसात कळांची गुंतागुंत कितीतरी जास्त आहे, पण मुद्दा तोच. पाणी, नत्र, ऊन, थंडी, दिवसाची लांबी या सगळ्यांचे हात त्या कळांपर्यंत पोहोचतात. आपण बांधावर उभे राहून पाण्याचे दार मोडतो, तेव्हा उसाच्या कोट्यवधी पेशींत कुठल्या चिठ्ठ्या निघायच्या, हेही काही अंशी आपणच ठरवत असतो.

पानात दोन खाती

उसाचे पान उन्हाला धरून आडवे कापून भिंगाखाली बघितले, तर शिरांभोवती पेशींची दोन कडी दिसतात. एक बाहेरचे, एक आतले. दोन्हींत दप्तर एकच. पण बाहेरच्या कड्यातल्या पेशी हवेतला कर्बवायू पकडणाऱ्या विकराच्या चिठ्ठ्या काढतात, तर आतल्या कड्यातल्या पेशी त्या वायूपासून साखर बांधणाऱ्या विकराच्या. बाहेरच्यांनी माल गोळा करायचा, आतल्यांनी गाळप करायचे. जणू ऊस खाते आणि उत्पादन खाते!

या वाटणीमुळे कडक उन्हातही ऊस कर्बवायू वाया जाऊ देत नाही. भात-गव्हाला हे जमत नाही. ऊस इतका झपाट्याने का वाढतो आणि एकरी एवढे टन का देतो, त्याचे एक मोठे कारण हे. ऑस्ट्रेलियातल्या एका साखर कंपनीच्या ब्रिस्बेन येथील प्रयोगशाळेत हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ साली हा मार्ग उलगडला, तो उसाच्याच पानावर.

गोडी साठते कधी?

पानात तयार झालेली साखर देठावाटे कांड्यात उतरते. तिथे दोन गटांची ओढाताण चालू असते. एक गट साखर बांधून ठेवणाऱ्या विकरांचा. दुसरा गट साखर फोडणाऱ्यांचा. फोडणाऱ्यांत मुख्य विकर म्हणजे इन्व्हर्टेज. ते उसाच्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करते.

इन्व्हर्टेज म्हणजे काही शत्रू नव्हे. कोवळ्या कांड्याला वाढायचे असते आणि वाढायला इंधन लागते. म्हणून शेंड्याकडच्या कोवळ्या कांड्यात इन्व्हर्टेजचे काम जोरात असते. आलेली साखर तिथे खर्ची पडते. कांडे जून होत जाते तसे हे काम मंदावते, आणि मग उतरलेली साखर साठून राहते. बुडखा गोड आणि शेंडा पाणचट, तो यामुळे. बापाने कमावले आणि घरातली पोरे शिकत असली, तर शिल्लक कशी पडेल? पोरे हाताशी आली की मग शिल्लक दिसते. तसेच हे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. शेजारच्या दोन प्लॉटांपैकी एकाने नत्राचे सगळे हप्ते मोठ्या बांधणीपर्यंत संपवले. दुसऱ्याने "ऊस जरा पिवळट दिसतोय" म्हणून पावसाळा सरता सरता आणखी दोन पोती युरिया फेकला, आणि तोडीपर्यंत पाण्याची पाळी चालूच ठेवली. त्याच्या उसाला निरोप काय गेला? वाढायचे दिवस अजून संपलेले नाहीत! मग नवी कांडी, नवी पाने, नवे फुटवे, आणि साठायची साखर त्या वाढीत खर्च. ऊस दिसायला जोमदार, पण रस पातळ. थंडीच्या रात्री आणि जमिनीतली ओल बेताची झाली, म्हणजे उसाची वाढ थांबते आणि साखर साठवणीची बाजू वरचढ होते. तोडणीपूर्वी साधारण १५ ते २० दिवस पाणी तोडा असे सांगतात, ते यासाठी. भारी काळ्या रानात ओल जास्त दिवस टिकते, तिथे थोडे आधी. हलक्या माळरानात ऊस वाळणार नाही इतपत बघून.

शिरोळ-हातकणंगले भागात क्षारपड रानांचा प्रश्न मोठा आहे. मातीत क्षार वाढले की मूळ पाणी ओढू शकत नाही. मग पेशी जीव वाचवण्याच्या चिठ्ठ्या काढायला लागतात. आत पाणी धरून ठेवणारे पदार्थ तयार करायचे, क्षार बाहेर रोखायचे. या कामाला लागणारी मेहनत साखरेच्याच खात्यातून जाते. म्हणून निचऱ्याचा चर खणणे हे नुसते रान सुधारण्याचे काम नाही. उसाला बचावातून मोकळे करून वाढीला आणि गोडीला लावण्याचे ते काम आहे.

तुऱ्याचेही असेच. दिवस कमी होत जाऊन विशिष्ट लांबीवर आला आणि रात्री मानवल्या, की शेंड्यातल्या कोंबात फुलाच्या चिठ्ठ्या निघतात. एकदा तुरा आला की त्या शेंड्याची वाढ संपली. सुरुवातीला गोडी चांगली असते, पण असा ऊस फार दिवस उभा ठेवला तर आत दशी पडते, बाजूचे डोळे फुटून पांगशा येतात आणि साठलेली साखर त्या खातात. म्हणून तुऱ्याच्या उसाची तोड लांबवणे कोणाच्याच हिताचे नाही.

कोयता पडल्यावर काय होते?

पुष्कळांचा समज असा, की ऊस तोडला म्हणजे मेला. तसे नाही. तोडलेल्या उसातल्या पेशी पुढेही जिवंत असतात. फक्त पानातून येणारी साखर बंद झालेली असते आणि मुळातून येणारे पाणीही. उन्हात पडलेल्या त्या कांड्यात इन्व्हर्टेजचे काम पुन्हा वाढते. पेशी साठवलेली साखर फोडून दिवस ढकलायला लागतात. तासागणिक साखर घटते आणि ग्लुकोज-फ्रुक्टोज वाढते. त्यांचे दाणे पडत नाहीत, उलट ती असलेल्या साखरेलाही मळीत ओढून नेतात.

त्यातच कापलेल्या तोंडातून ल्युकोनोस्टॉक नावाचा जिवाणू आत शिरतो. त्याच्याही पेशीत दप्तर आहे, चिठ्ठ्या आहेत. तो असे विकर तयार करतो, की जे उसाच्या साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा डिंकासारखा चिकट पदार्थ बनवते. रस घट्ट होतो, गाळणे अवघड जाते, दाणे नीट पडत नाहीत. जळालेल्या उसात तर हा सगळा प्रकार फार वेगाने होतो. म्हणून तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे.

ही गोष्ट आपल्या गुऱ्हाळवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. शिळ्या उसाचा रस काहिलीत घातला तर गूळ चिकट होतो, ढेप नीट बसत नाही. गुळव्या चाकात पाक बघूनच ओळखतो, ऊस कधीचा आहे ते. त्याला इन्व्हर्टेज हे नाव माहीत नसेल, पण त्याची करणी तो रोज बघत आला. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे ताजा ऊस ताबडतोब गाळण्याची ही शिस्तसुद्धा आहे.

आता थोडा हिशोब करू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने उसाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये ठरवली, आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. हंगामात ५ लाख टन गाळणारा कारखाना धरा. ०.१ टक्का उतारा म्हणजे ५,००० क्विंटल साखर, आणि सभासदांच्या बिलात १ कोटी ७३ लाख रुपयांचा फरक. एवढा ऐवज पेशीतल्या एका विकराच्या हातात!

आणि उतारा हा काही प्रत्येकाच्या उसाचा वेगळा काढला जात नाही. गव्हाणीत सगळ्यांचा ऊस एक होतो. ज्याने पाणी वेळेवर तोडले त्याची गोडी आणि ज्याचा ऊस दोन दिवस फडात वाळत पडला त्याची नासाडी, दोन्ही एकाच रसात. म्हणून हा विषय एकट्याच्या शेतीचा राहत नाही.

"वाण उतरला" म्हणजे काय?

उसाची लागण आपण बियांनी करत नाही, टिपरीने करतो. त्यामुळे टिपरीतल्या डोळ्यात आईचेच दप्तर जसेच्या तसे येते. खाण तशी माती. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, जिथे म्हणून ८६०३२ उभा आहे, तो खरे तर एकाच रोपाचा विस्तार आहे. शेंडा उभा असतो तोवर तो खालच्या डोळ्यांना संदेश पाठवून झोपवून ठेवतो. टिपरी तोडली, शेंड्याचा धाक गेला, की डोळ्यातल्या अडवलेल्या चिठ्ठ्या निघतात आणि कोंब फुटतो. ९ ते ११ महिने वयाचे बेणे निवडायचे ते याचसाठी. त्या वयाचा डोळा ताजा असतो आणि कांड्यात ओल व चटकन वापरता येणारी साखर असते. जून उसाचा डोळा म्हाताऱ्या माणसासारखा, हाक मारली तरी लवकर उठत नाही.

मग दप्तर तेच असताना वाण उतरतो कसा? बहुतेक वेळा वाण बदललेला नसतो. बेण्यात रोगाचे ओझे साठलेले असते.

मोझॅक किंवा पिवळ्या पानाचा रोग घ्या. हे रोग विषाणूंमुळे होतात. विषाणू म्हणजे तरी काय? आरएनएची एक बारीक दोरी आणि तिच्याभोवती प्रथिनाचे वेष्टण. बस्स. त्याला स्वतःचे ऑफिस नाही की यंत्र नाही. तो मावा किडीच्या तोंडातून उसाच्या पेशीत शिरतो आणि आपली दोरी रायबोसोमवर चढवतो. ही बोगस चिठ्ठीच म्हणायची! रायबोसोम बिचारा इमानदार. समोर आली ती चिठ्ठी वाचून माळ ओवायची, एवढेच त्याला ठाऊक. उसाचीच यंत्रे, उसाचाच माल, आणि तयार होतात विषाणूची पिल्ले.

अशा उसाची टिपरी तोडून पुन्हा लावली की बोगस चिठ्ठ्याही तिच्यासोबत पुढच्या पिकात येतात. दरसाल थोड्या जास्त. पानाची मधली शीर पिवळी पडते, कांडी आखूड होतात, वजन घटते. शेतकरी म्हणतो, वाण उतरला. गवताळ वाढीचा रोगही असाच बेण्यातून पसरतो. तो विषाणू नव्हे, अतिसूक्ष्म जिवाणूच्या जातीचा आहे, पण प्रवासाची वाट तीच.

उपाय दोन. गवताळ वाढीसारख्या रोगांसाठी बेण्याला उष्ण बाष्पयुक्त हवेची प्रक्रिया. ५४ अंश सेल्सिअसला अडीच तास. या उष्णतेत रोगाचा जीव जातो आणि डोळा मात्र तग धरतो. विषाणूसाठी ऊतिसंवर्धन. शेंड्याच्या अगदी टोकाचा कोंब इतक्या वेगाने वाढतो, की विषाणू बहुधा तिथवर पोहोचलेला नसतो. तो खसखशीएवढा कोंब काढून बाटलीत वाढवला की निरोगी रोप मिळते. एवढ्याशा तुकड्यातून अख्खा ऊस उभा राहतो, कारण त्या तुकड्यातल्या प्रत्येक पेशीत दप्तर पूर्ण असते. मांजरी बुद्रुक येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट अशी रोपे तयार करते. १९७५ साली आपल्या सहकारी कारखान्यांनी मिळूनच ही संस्था उभी केली. मूलभूत, पायाभूत आणि प्रमाणित असा त्रिस्तरीय बेणेमळा म्हणतात तो या निरोगी रोपांपासून सुरू होतो. तीन-चार वर्षांनी बेणे बदला, हा आग्रह त्यामुळे. वाण बदलण्याआधी बेणे बदलून बघावे.

आपल्या वाणांची कुळकथा

आपल्या शिवारातल्या वाणांच्या नावाला 'को' लागतो, तो कोइमतूरचा. १९१२ साली तिथे ऊस पैदास केंद्र सुरू झाले. बार्बर आणि व्यंकटरामन यांनी वेल्लई नावाचा जाड, गोड ऊस आणि नदीकाठचे रानटी काश गवत यांचा संकर केला. त्यातून निघालेला को २०५ हा वाण १९१८ साली उत्तर हिंदुस्थानच्या शेतकऱ्यांना मिळाला. पुढे त्याच केंद्रात जानकी अम्माल यांनी उसाच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला. आईची गोडी आणि गवताचा काटकपणा एका उसात आणायचा, ही ती कल्पना. आज आपण लावतो तो प्रत्येक वाण या सोयरिकीतून आलेला आहे.

निसर्गाचा चमत्कार बघा. एरवी मूल आईकडून निम्मे आणि बापाकडून निम्मे दप्तर घेते. पण जाड ऊस आणि काश गवताच्या संकरात आई पुष्कळदा आपली सगळीच्या सगळी ८० गुणसूत्रे देते आणि गवताची तेवढी निम्मी येतात. म्हणून आजच्या उसात शंभरावर गुणसूत्रे भरतात. माणसात ४६.

सातशे चाळीस हा वाण जुन्या सभासदांच्या हाडीमाशी भिनलेला. मग को सी ६७१ आला. गोडीला अव्वल, पण लाल कुजीला बळी पडणारा. त्याचा आणि को ६२१९८ चा संकर करून को ८६०३२ निघाला. आकड्यातले ८६ म्हणजे १९८६ साल. महाराष्ट्रात तो निरा नावाने आला. पाडेगावच्या संशोधन केंद्राने दिलेला को एम ०२६५, म्हणजे फुले २६५, क्षारपड रानातही तग धरतो म्हणून आपल्याकडं पसरला. को ९२००५ गुळासाठी पसंतीस उतरला. घाट उतरायच्या आधी आंबोलीला वसंतदादा इन्स्टिट्यूटचे पैदास केंद्र आहे. तिथल्या ओलसर थंड हवेत उसाला चांगला तुरा येतो आणि संकर करता येतो. ज्या तुऱ्याला आपण फडात नावे ठेवतो, तोच तिथे लाखमोलाचा.

पुढे काय?

२०२४ च्या मार्च महिन्यात 'नेचर' या नियतकालिकात उसाच्या दप्तराचे मोठे वाचन प्रसिद्ध झाले. रियुनियन बेटावरचा आर ५७० हा वाण त्यासाठी घेतला होता. त्याची गुणसूत्रे ११४ आणि अक्षरे सुमारे १० अब्ज. माणसाच्या पेशीत ती सुमारे ६ अब्ज असतात. एका पेशीतला हा धागा सरळ केला तर तीन मीटरच्या वर भरेल, म्हणजे चांगल्या उभ्या उसाएवढा! एकेका जनुकाच्या आठ-दहा प्रती असल्यामुळे हे वाचन भात-मक्याच्या कितीतरी नंतर जमले. तांबेऱ्याला दाद न देणारा गुण कुठल्या नोंदीत आहे, हेही त्यात हाती लागले. यापुढे रोपाच्या पानाचा तुकडा तपासूनच हवी ती नोंद आहे की नाही ते कळेल, आणि वाण तयार करायला लागणारी दहा-बारा वर्षे कमी होतील, अशी आशा आहे.

ब्राझीलने २०१७ साली खोडकिडीला मारणारे जनुक घातलेल्या उसाला परवानगी दिली. भारतात अशा उसाला लागवडीची परवानगी नाही. तेव्हा कोणी बांधावर येऊन परदेशी जनुकाचे बेणे म्हणून कांडी विकू लागला, तर त्याला वाटेला लावावे.

आपल्या हातात काय?

दप्तरातली अक्षरे आपल्याला बदलता येत नाहीत. ते काम पैदासकारांचे. पण कोणत्या चिठ्ठ्या निघाव्यात, हे बरेचसे आपल्या हातात आहे. बेणे निरोगी आणि कोवळ्या वयाचे घ्यावे. नत्राचा शेवटचा हप्ता मोठ्या बांधणीपर्यंत द्यावा, नंतर हात आवरावा. पिवळ्या शिरेची, गवताळ बेटे दिसताच मुळासकट उपटून जाळावीत आणि त्या प्लॉटचे बेणे कोणाला देऊ नये, पाहुण्यालासुद्धा! पाण्याचा निचरा बघावा. तोडीची चिठ्ठी यायच्या आधी पाणी तोडावे. आणि वाहनाची सोय पक्की झाल्याखेरीज ऊस आडवा करू नये. टोळी दारात आली म्हणून आज तोड आणि गाडी परवा, असे झाले तर ते दोन दिवस इन्व्हर्टेजचे.

येत्या लागणीसाठी ज्यांना बेणेमळ्यातले बेणे किंवा ऊतिसंवर्धित रोपे हवी असतील, त्यांनी आपल्या गट ऑफिसात वेळेत नोंद करावी. तिथेही आधी रजिस्टर, मग चिठ्ठी.